गोगलगायी आणि एक इंची टेप

रात्रीची वेळ. स्कॉटलंडच्या किनाऱ्यापलीकडच्या एका बेटावर पबच्या बाहेर बेटाचा जहागीरदार उभा आहे. सोबत मिसरूडही नीट न फुटलेला एक मुलगा. वरच्या खिडकीत पबमालकाची देखणी मुलगी. जहागीरदार मुलाला वर धाडतो आणि खाली पबमधले पुरुष हलक्या आवाजात गाऊ लागतात. वरच्याच मजल्यावरच्या दुसऱ्या खोलीत, तपासासाठी बेटावर आलेला कर्मठ ख्रिस्ती पोलीस सार्जंट पलंगाशी गुडघे टेकून प्रार्थना करतोय आणि त्याला सगळं ऐकू येतंय. बाहेर अंधारात जहागीरदार एकमेकींना बिलगलेल्या दोन गोगलगायींकडे टक लावून बघत स्वतःशीच काही पुटपुटतो.

‘द विकर मॅन’च्या सर्वांत लांब आवृत्तीच्या डीव्हीडीवर हा प्रसंग सुरू होतो आणि चित्राचा पोतच बदलतो. आत्तापर्यंत स्वेटरची वीण दिसत होती, ती पुसली जाते. मेणबत्तीच्या ज्योतीभोवती लालसर डाग पसरतो. चेहऱ्यांच्या कडा हलक्याशा थरथरतात. अंधार काळा न राहता करडा होतो. प्रसंग संपला की चित्र पुन्हा लख्ख. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा डिस्कवर बोटाचे ठसे असतील असं समजून मी ती बाहेर काढली, बनियनला पुसली आणि परत घातली. दोष डिस्कचा नव्हता. तो सांधा होता. एका जुन्या चित्रपटाची कापलेली मिनिटं परत टाचली होती, आणि टाचणाऱ्याच्या हातात अस्सल कापड उरलं नव्हतं.

हा चित्रपट १९७३ चा. दिग्दर्शक रॉबिन हार्डी, पटकथा अँथनी शाफर यांची. हरवलेल्या मुलीविषयी एक निनावी पत्र येतं आणि सार्जंट हॉवी (एडवर्ड वुडवर्ड) सफरचंदांसाठी प्रसिद्ध असलेल्या समरआइल बेटावर एकटा जातो. तिथे येशू नाही. तिथे सूर्य, माती, बहर आणि बळी यांचा धर्म आहे, आणि त्याचा यजमान आहे लॉर्ड समरआइल, म्हणजे ख्रिस्तोफर ली. शेवट नावातच आहे, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही: काटक्या-कामट्या विणून उभा केलेला प्रचंड पोकळ पुतळा, त्याच्या पोटात माणूस, आणि खाली आग.

याला भयपट म्हणतात, पण यात रक्त जवळजवळ नाही, गाणी आहेत. अर्धा चित्रपट उजेडात आणि हसऱ्या चेहऱ्यांमध्ये घडतो. कथा मे महिन्याच्या उत्सवाची, चित्रीकरण मात्र १९७२ च्या शरद ऋतूत, स्कॉटलंडच्या थंडीत झालं. झाडांवर खोटा बहर बांधला. तोंडातून वाफ दिसू नये म्हणून नटांनी शॉटच्या आधी बर्फाचे खडे चघळल्याची गोष्ट तर या चित्रपटाच्या चाहत्यांत पाठ आहे. पुतळा जाळला तो बरो हेड नावाच्या समुद्रकड्यावर. त्याच्या पायांचे बुंधे पुढे कितीतरी वर्षं तिथे उभे होते. शेवटी कोणीतरी तेही कापून नेले. या चित्रपटाच्या नशिबात उरलेलं कापलं जाणंच लिहिलेलं असावं.

कात्री पहिल्यांदा लागली ती घरातच. चित्रपट तयार होईपर्यंत ब्रिटिश लायन या निर्मितीसंस्थेचं व्यवस्थापन बदललं होतं आणि नव्या मंडळींना या विचित्र मालाचं काय करावं ते कळेना. सुमारे ९९ मिनिटांची पहिली आवृत्ती ८७-८८ मिनिटांवर आणली गेली आणि डिसेंबर १९७३ मध्ये ‘डोन्ट लुक नाऊ’ या चित्रपटाच्या जोडीला, एका तिकिटात दोन खेळ अशा पद्धतीने, ती थिएटरात ढकलली. ख्रिस्तोफर ली यांनी यात मानधनाशिवाय काम केलं होतं. आपलं सर्वोत्तम काम म्हणून ते अखेरपर्यंत याच चित्रपटाचं नाव घेत, आणि तो कापल्याचा सलही त्यांनी अखेरपर्यंत जपला.

गेलेली मिनिटं भरताड नव्हती. मुख्य भूमीवरचं पोलीस ठाणं आणि चर्च गेलं. हॉवी कोणत्या जगातून येतो ते सांगणारा सगळा भाग. गोगलगायींचा प्रसंग गेला. तो गेल्यामुळे बेटावरच्या दोन रात्रींची एकच रात्र झाली. लांब आवृत्तीत पहिल्या रात्री हॉवी भिंतीआडून दुसऱ्या कोणाची दीक्षा ऐकतो आणि दुसऱ्या रात्री तीच मुलगी भिंतीपलीकडून त्याला खुणावते. छोट्या आवृत्तीत ती आल्या दिवशीच खुणावते. पाहुणा घरात पाऊल टाकतो आणि त्याला पाणी विचारायच्या आत जेवणाचं ताट पुढे यावं, तसं ते होतं. मोह आहे, पण त्याला चढण नाही.

मग कापलेला भाग परत का जोडला नाही? कारण तो नव्हता. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर हार्डी शोधायला गेले, तेव्हा त्या फिल्मचे डबे तळघरातून गेलेले होते. टाकाऊ मालाबरोबर ते भरावात गेले आणि आज त्यांच्यावरून एक मोटारमार्ग जातो, अशी आख्यायिका आहे. तो मार्ग एम३ की एम४, यावर आख्यायिकेचं स्वतःचंच एकमत नाही. छोट्या आवृत्तीची नेगेटिव्ह राहिली. गेलं ते कापलेलं.

इथे फिल्मचं कूळ सांगायला हवं, नाहीतर नेगेटिव्ह गेली म्हणजे नेमकं काय गेलं ते लक्षात येत नाही. कॅमेऱ्यातून जी फिल्म धावते ती मूळ नेगेटिव्ह. पडलेला उजेड फक्त तिने पाहिलेला असतो. तिला रोज हाताळायचं नसतं, म्हणून तिच्यावरून एक पॉझिटिव्ह काढतात, त्या पॉझिटिव्हवरून दुसरी नेगेटिव्ह, आणि त्या नेगेटिव्हवरून थिएटरांत जाणाऱ्या प्रिंट. म्हणजे गावातल्या पडद्यावर दिसतो तो मूळ फिल्मचा पणतू. प्रत्येक पिढीत बारकावे थोडे झिजतात. उजेड अधिक भडक आणि सावल्या अधिक गच्च होत जातात. ऐंशीच्या दशकात गल्लीतल्या व्हिडिओ लायब्ररीतून कॅसेट आणून दुसऱ्या मशीनवर तिची कॉपी मारणाऱ्यांना आणि मग त्या कॉपीची कॉपी मित्राला देणाऱ्यांना, हे वेगळं समजवायला नको.

‘विकर मॅन’च्या कापलेल्या भागाची आई गेली, पण एक पणतू परदेशी होता. अमेरिकेतल्या वितरणाचा अंदाज घ्यायला लांब आवृत्तीची एक प्रिंट कमी खर्चाच्या चित्रपटांचे बादशहा रॉजर कॉर्मन यांच्याकडे गेली होती. ती त्यांच्याकडेच पडून राहिली होती. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस एका छोट्या अमेरिकी वितरण कंपनीने हार्डींना हाताशी धरून त्या प्रिंटच्या आधारे मधल्या लांबीची आवृत्ती जुळवली आणि १९७९ मध्ये ती अमेरिकेत लावली. त्याआधी १९७७ मध्ये ‘सिनेफँटॅस्टिक’ या अमेरिकी मासिकाने या पडलेल्या चित्रपटावर विशेषांक काढून त्याला भयपटांतला ‘सिटिझन केन’ ठरवलंच होतं. विलायतेत बीबीसीने १९८८ मध्ये ‘मूव्हीड्रोम’ ही कल्ट चित्रपटांची मालिका सुरू केली आणि मुहूर्ताचा मान याच चित्रपटाला दिला. दरम्यान कॉर्मन यांच्या प्रिंटची नक्कल एक इंच रुंदीच्या व्हिडिओ टेपवर उतरवली गेली होती. तेव्हा कोणाला वाटलंही नसेल, पण संपूर्ण लांबीचा ‘विकर मॅन’ पुढे त्या टेपवरच जिवंत राहायचा होता.

टेप म्हणजे किती? अमेरिकी टीव्हीच्या पद्धतीची एक चौकट आजच्या हिशेबात मांडली तर साधारण साडेतीन लाख ठिपक्यांची होते. ४के म्हणून जे चित्र विकलं जातं त्याच्या एका चौकटीत ८३ लाख ठिपके असतात. ३५ मिलिमीटरच्या चांगल्या नेगेटिव्हमध्ये तेवढा तपशील भरून घेण्याइतका ऐवज असतो. शिवाय फिल्म सेकंदाला २४ चौकटी धावते आणि अमेरिकी टीव्ही सेकंदाला ६० अर्धचित्रं दाखवतो. २४ चे ६० करायचे तर एका चौकटीला दोन अर्धचित्रं, पुढच्या चौकटीला तीन, पुन्हा दोन, पुन्हा तीन, असं वाटप करावं लागतं. एक घास मोठा, एक लहान. कॅमेरा संथपणे डावीकडून उजवीकडे फिरला की हा लंगडेपणा डोळ्यांना जाणवतो.

ब्रिटनमध्ये लंगडणं नव्हतं, वेगळाच उपद्रव होता. तिथला टीव्ही सेकंदाला २५ चित्रांचा. २४ ला २५ इतकं जवळ आहे की कोणी वाटप करत बसत नसे. फिल्म सरळ जरा वेगाने पळवत. त्यामुळे ९९ मिनिटांचा चित्रपट ९५ मिनिटांत संपे. वेगवेगळ्या कॅसेटांवर छापलेल्या मिनिटांवरून कोणती आवृत्ती कोणती हे ओळखू पाहणाऱ्या चाहत्यांची डोकी या चार टक्क्यांनी पिकवली असणार, कारण फरक आवृत्तीचा की वेगाचा हे आकड्यावरून कळतच नाही. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते कानाचं. वेग वाढला की सूरही चढतो. पॉल जोव्हानी यांची गाणी हा या चित्रपटाचा कणा आहे, आणि पळवलेल्या कॅसेटवर ती पांढरी एकवरून काळी एककडे जवळजवळ पाऊण वाट चढलेली असतात. हार्मोनियम घेऊन सोबत करायला बसाल, तर दोन्ही पट्ट्यांत बसणार नाही. बेटावरची ती सुस्त, मधाळ गाणी एक पिढी अशी किंचित घाईत ऐकत आली.

२००१ मध्ये लांब आवृत्ती डीव्हीडीवर आली, अमेरिकेत तर लाकडी पेटीत घालून. ज्या भागांची चांगली फिल्म उपलब्ध होती ते फिल्मवरून घेतले, उरलेले टेपवरून. सुरुवातीला सांगितलेला सांधा तो हाच. त्या काळात अनेकांनी नाकं मुरडली. मला ते पटलं नाही. हा निर्णय प्रामाणिक होता असं मी आजही म्हणतो. चित्र एकसारखं दिसावं म्हणून चांगला भागही टेपइतका मऊ करता आला असता. त्याने डोळ्यांना सुख झालं असतं आणि काय अस्सल, काय नकलेवरून, हे कळायची सोय गेली असती.

पुणेकर वाचकाला ही भांडणं नवी नाहीत. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती झाली ती १,२५९ हस्तलिखितं ताडून. विष्णु सीताराम सुकथनकरांनी काश्मिरी पोथ्या, दाक्षिणात्य पोथ्या, बंगाली पोथ्या समोर ठेवून ओळीओळीला निवाडा केला, आणि व्यासांचा लेखनिक गणपती, ज्याच्याशिवाय आपल्याला महाभारताची सुरुवात सुचत नाही, त्यालाही मुख्य संहितेतून काढून परिशिष्टात बसवला. लोक दुखावले. पण परिशिष्टात तो आहे. पाठभेद तळटिपांत आहेत. संपादकाचा हात कुठे फिरला ते तपासता येतं. चित्रपट दुरुस्त करणाराही हेच काम करत असतो. फरक इतकाच की चित्रपटाच्या चौकटीखाली तळटीप छापायला जागा नसते. तिथे सांधा हीच तळटीप.

२०१३ मध्ये हक्क सांभाळणाऱ्या स्टुडिओकॅनालने जाहीर आवाहन केलं: कोणाकडे, जगात कुठेही, या चित्रपटाचे जास्तीचे डबे असतील तर कळवा. हार्वर्ड विद्यापीठाच्या फिल्म आर्काइव्हमध्ये एक ३५ मिलिमीटरची प्रिंट निघाली. ती कॉर्मन यांची पूर्ण लांबीची नव्हती. १९७९ च्या अमेरिकी आवृत्तीची होती. तिचं स्कॅनिंग झालं, हार्डींनी ती पाहून ओळखली आणि तिच्या आधारे ‘फायनल कट’ नावाची आवृत्ती तयार झाली. त्यात चर्च परत आलं, पबमधलं गाणं परत आलं, गोगलगायी परत आल्या, एका रात्रीच्या पुन्हा दोन रात्री झाल्या. हार्डी तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. तीन वर्षांनी ते गेले. चाळीस वर्षं वाट पाहून दिग्दर्शकाच्या हयातीत हे झालं, हे भाग्य प्रत्येकाला मिळत नाही. आपल्याकडे ‘आलम आरा’ची एकही प्रिंट उरलेली नाही, तिथे आवाहन तरी कोणाला करणार?

अशी जुनी प्रिंट हाती आली की पुढे काय करतात? आधी ती हातानेच तपासतात. दातेरी कडेची भोकं फाटलेली असतात, ती एकेक करून चिकटवतात. फिल्म आक्रसलेली असते, ती स्कॅनरच्या दात्यांवर चढवली तर आणखी फाटेल, म्हणून दाते नसलेल्या रुळांवरून ती सोडतात. ओरखड्यांवरचा एक उपाय मला फार आवडतो. स्कॅन होताना फिल्म परक्लोरोइथिलीन या द्रवात बुडवून ठेवतात. कोरड्या ओरखड्याच्या खाचेत उजेड वेडावाकडा वळतो आणि रेघ दिसते. हा द्रव खाचेत भरतो आणि उजेडाला जवळजवळ फिल्मइतकाच वळवतो, त्यामुळे खाच दिसेनाशी होते. खाच आहे तिथेच असते, फक्त दिसत नाही. नदीतला काचेचा तुकडा पाण्यात असेपर्यंत सापडत नाही, त्यातलाच प्रकार.

मग रंग. सत्तरच्या दशकातल्या बहुतेक रंगीत प्रिंटांचा निळसर-हिरवा रंग आधी उडतो आणि उरतो तो गुलाबीपणा. जुन्या प्रिंटवरून चाललेला एखादा चित्रपट पडद्यावर गुलकंदासारखा दिसतो तो त्यामुळे. संगणकावर तिन्ही रंग वेगळे करून उडालेल्याला उचलता येतं, पण जे पूर्ण उडालं ते कल्पनेनेच भरावं लागतं. आणि ‘विकर मॅन’मध्ये तर प्रश्नच तिरपा आहे. कथा वसंतातली, उजेड शरदातला. रंग सुधारणाऱ्याने पिवळसर ऊब चढवून मे महिना आणायचा, की कॅमेऱ्याने खरोखर पाहिलेला थंड, राखाडी उजेड राहू द्यायचा? माझं मत दुसऱ्या बाजूला. बेट थंडगार आणि बहर खोटा, हे कथेलाच शोभतं. तिथलं सफरचंदाचं पीक बुडालं म्हणूनच तर बळी हवा असतो. स्वच्छ चित्रात झाडाला बांधलेली फुलं ओळखू येतात, आणि ती ओळखू आली की अंगावर जरा जास्तच काटा येतो.

सगळ्यात मोठा धोका मात्र स्वच्छतेच्या हौसेचा. ९९ मिनिटांच्या चित्रपटात १,४२,५६० चौकटी. हाताने पुसणं अशक्य, म्हणून धूळ ओळखणारं सॉफ्टवेअर लावतात. त्याचा नियम साधा: आधीच्या आणि नंतरच्या चौकटीत नाही, फक्त मधल्या चौकटीत आहे, तो ठिपका म्हणजे कचरा, पुसून टाक. आता शेवटचा प्रसंग आठवा. पुतळा पेटलाय, खाली गावकरी हात धरून डोलत गाताहेत, ठिणग्या उडताहेत. ठिणगीही एका चौकटीपुरतीच असते. मशीनला ती धूळ वाटते. म्हणून असे प्रसंग माणसाने बसून एकेक चौकट बघायचे असतात. तसंच दाण्याचं. फिल्मचा दाणा म्हणजे चित्र बनवणारं द्रव्यच, पण तो चित्रातला कचरा समजून घासला की चेहऱ्याची कातडी मेणाची होते. ख्रिस्तोफर ली लंडनच्या मेणपुतळ्यांच्या संग्रहालयातून उचलून आणल्यासारखे दिसतील. हार्वर्डच्या प्रिंटवरून घेतलेल्या भागात दाणा जाड आणि अंधार गच्च आहे. नेगेटिव्हवरच्या भागाशेजारी तो फरक लगेच कळतो. तो तसाच ठेवला हे चांगलं केलं.

२०२३ मध्ये चित्रपटाला ५० वर्षं झाली तेव्हा ४के आवृत्ती आली. पण घरी ठेवण्याजोगी गोष्ट मला वाटते ती आवृत्त्या एकत्र मिळण्याची: २०१३ च्या ब्लू-रे संचात छोटी, मधली आणि लांब, तिन्ही होत्या. थिएटर एक पाठ लावतं आणि बाकीचे दिसत नाहीत. घरच्या डिस्कवर मेनू असतो. मी तिन्ही लागोपाठ पाहिल्या आहेत, एका शनिवार-रविवारात, आणि घरच्यांनी त्याबद्दल जे म्हटलं ते इथे छापण्यासारखं नाही. छोटी सर्वांत चटपटीत. मधली सर्वांत सुडौल. लांब आवृत्ती सर्वांत ओबडधोबड आणि मला सर्वांत प्रिय, कारण ठाणं तिच्यातच आहे.

‘फायनल कट’ने चर्च परत आणलं, ठाणं आणलं नाही. कॉर्मन यांची ती प्रिंट २०१३ च्या शोधातही हाती लागली नाही. त्यामुळे ठाण्याचा प्रसंग आजही पाहायचा तर त्या एक इंची टेपच्या चित्रातच: करड्या भिंती, कडेला थरथरणारे गणवेश, साहेबाच्या सोवळेपणावर पाठीमागे हसणारा हवालदार. पोस्टमन येतो, हॉवीच्या नावाचं एक पाकीट देतो. सगळी कथा ज्या निनावी पत्रावर उभी आहे, ते हेच. हॉवी ते उघडतो. कॅमेरा बऱ्यापैकी जवळ आहे, पण कागदाचा पोत काही दिसत नाही.